‘भर्तव्य’ या पदाचा कर्ता : विकलांग अपत्याच्या भरणाचा एक इतिहास

धर्मशास्त्रातील दायविभागाची प्रकरणे चाळणाऱ्याच्या दृष्टीस एक पद वारंवार पडते. जो जन्मतः आंधळा, बहिरा, मुका किंवा पंगू आहे, ज्याची बुद्धी जड आहे, त्याला वडिलार्जित संपत्तीत वाटा नाही. परंतु तो ‘भर्तव्य’ आहे. गौतमाच्या सूत्रांत हे पद आहे, याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, विष्णुधर्मसूत्रातही आहे. या विधानाचा पूर्वार्ध, म्हणजे ‘अनंश’ अथवा ‘निरंशक’ या शब्दांनी व्यक्त झालेला निषेध, विधिज्ञांच्या आणि समाजसुधारकांच्या चर्चेचा विषय पुष्कळ वेळा झाला. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) त्याचा साधकबाधक परामर्श घेतला आहे. त्या मानाने उत्तरार्धाची चर्चा थोडी झाली. वाटा का नाकारला, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच भरण कोणी करावयाचे आणि त्याचा खर्च कोठून यावयाचा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. किंबहुना ज्या घरात असे मूल जन्मास येते त्या घराच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक निकडीचा असतो.

‘भर्तव्य’ हे रूप ‘भृ’ धातूला ‘तव्य’ प्रत्यय लागून सिद्ध होते. पाणिनीच्या परिभाषेत हा ‘कृत्य’ प्रत्यय होय. या प्रत्ययाचे वैशिष्ट्य असे की, क्रिया झालीच पाहिजे हे तो ठामपणे सांगतो, ती कोणाच्या संबंधात झाली पाहिजे हेही सांगतो. मात्र ती कोणी करावयाची याविषयी तो स्वतः काहीच बोलत नाही. कर्ता सांगावयाचा असल्यास तृतीयेत किंवा षष्ठीत वेगळा सांगावा लागतो, आणि न सांगितला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे होते. एखाद्या विधीत कर्तव्य निःसंदिग्ध असावे आणि कर्ता अध्याहृत असावा, ही गोष्ट व्याकरणात निरुपद्रवी असली तरी व्यवहारात तशी नसते. विकलांग अपत्याच्या भरणाचा भारतातील, आणि विशेषतः महाराष्ट्रातील, इतिहास हा या अध्याहृत कर्त्याच्या शोधाचा इतिहास आहे.

ज्या ग्रंथांनी कर्ता स्पष्ट केला ते येथे प्रथम पाहिले पाहिजेत. बौधायनाने ‘बिभृयुः’ असे अनेकवचनी क्रियापद योजले आहे. व्यवहारास असमर्थ अशा आप्तांना अन्नवस्त्र देऊन ‘त्यांनी’ पोसावे, असा त्याचा आशय. आणि हे ‘ते’ म्हणजे संपत्ती वाटून घेणारे भाऊबंद, हे संदर्भावरून कळते. विष्णुधर्मसूत्र याहून स्पष्ट आहे. तेथे ‘भर्तव्य’ या पदाला ‘रिक्थग्राहिभिः’ अशी तृतीया जोडलेली आहे. रिक्थ म्हणजे मागे राहिलेली संपत्ती. ती जे घेतील त्यांनी भरण करावे. या एका तृतीयेत फार मोठा अर्थ साठविलेला आहे. भरणाचे दायित्व येथे ममतेवर किंवा नात्याच्या जवळिकीवर आधारलेले नाही. ते संपत्तीच्या पाठोपाठ चालते. ज्याच्याकडे वाटा गेला त्याच्याकडे वाट्याबरोबर बोजाही गेला. वाटा नाकारण्यातील अन्याय यामुळे नाहीसा होत नाही, आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. परंतु खर्चाची तरतूद म्हणून पाहिल्यास या नियमात एक निश्चितता होती, हे मान्य करावे लागते.

कौटिल्याने याच धातूला दोन निराळे कर्ते दिले आहेत. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या आणि मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या आवृत्तीमुळे हे स्थळ मराठी अभ्यासकांना सुगम झाले आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात बालक, वृद्ध, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे भरण राजाने करावे असे सांगितले आहे; येथे क्रियापद ‘बिभृयात्’ असे एकवचनी आहे आणि कर्ता राजा आहे. त्याच अध्यायात थोड्या अंतरावर, सामर्थ्य असूनही जो मुलेबाळे, पत्नी, आईबाप, अज्ञान भाऊ आणि अविवाहित वा विधवा बहिणी यांचे भरण करीत नाही त्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. घर असेल तेथे घराला भाग पाडावे, घर नसेल तेथे राजाने स्वतः पुढे व्हावे, अशी ही दुहेरी योजना होय. पुढील दोन हजार वर्षांत राज्यसंस्थेने या विषयात जे जे केले त्यातील बहुतेक सर्व या दोन वाक्यांच्या कक्षेत बसते.

मनूने भरणाचे प्रमाण आणि मुदत सांगितली. अन्नवस्त्र द्यावे, ते ‘शक्त्या’ म्हणजे यथाशक्ति द्यावे, आणि ‘अत्यन्तम्’ द्यावे. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ‘यावज्जीव’ असा केला आहे. कल्याणीच्या चालुक्य नृपतीच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, आश्रयास असलेल्या या टीकाकाराचा ग्रंथ महाराष्ट्रात वारसाच्या बाबतीत प्रमाण मानला जात असल्यामुळे त्याचे मत येथे विशेष महत्त्वाचे आहे. विज्ञानेश्वराने निषेधाची धार दोन ठिकाणी बोथट केली. वाटणी झाल्यानंतर दोष उत्पन्न झाला तर मिळालेला वाटा काढून घेता येत नाही. आणि औषधादी उपायांनी दोष नाहीसा झाला तर वाटणीनंतरही वाटा मिळतो. विकलांगाच्या निर्दोष पुत्राला वाटा आहे, आणि त्याच्या मुलींचे विवाहापर्यंत भरण केले पाहिजे, हेही त्याने याज्ञवल्क्याच्या आधारे मांडले. यावरून असे दिसते की, शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर केवळ व्यक्ती नव्हती. तिच्यासह एक लहानसे कुटुंब होते.

येथे शब्दांच्या इतिहासाकडे थोडे वळण्यास हरकत नाही. ‘भृ’ या एकाच धातूपासून भार, भर्ता, भार्या आणि भृत्य हे शब्द निघाले. भार्या आणि भृत्य या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘जिचे वा ज्याचे भरण करावयाचे’ असाच आहे. पुढे एकीचा अर्थ पत्नी झाला, दुसऱ्याचा सेवक. दोघांच्याही भरणाच्या बदल्यात काही काम गृहीत धरलेले होते, आणि त्या कामामुळे त्यांना समाजात एक नाव मिळाले. ‘भर्तव्य’ मात्र विशेषणच राहिले. त्याचे नाम झाले नाही. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशा मनुष्यासाठी भाषेने स्वतंत्र नाव घडविले नाही, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे. अर्थविस्ताराची कारणे एवढ्या पुराव्यावर सांगणे धाडसाचे होईल. मराठीत शास्त्रातील ‘ग्रासाच्छादन’ हे ‘अन्नवस्त्र’ झाले, आणि न्यायालयीन भाषेत त्याच्या जोडीला ‘पोटगी’ हा अस्सल देशी शब्द आला. पोटगी हा शब्द आज घटस्फोटाच्या प्रकरणाशी इतका निगडित झाला आहे की, तो कोणाही परावलंबी आप्ताच्या निर्वाहाला लागू पडत असे, याचे स्मरण फारसे उरलेले नाही.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत राज्याने मुलांच्या निर्वाहासाठी दिलेल्या नेमणुकांना ‘बालपरवेशी’ म्हणत. ‘परवरिश’ या फारसी शब्दाचा अर्थ पालनपोषण. त्याचेच हे मराठीत रुळलेले रूप. चाकरीत असताना जो कामी आला त्याच्या मुलाबाळांच्या पालनासाठी ही नेमणूक होई. मूल धडधाकट आहे की पंगू, याचा येथे संबंध नव्हता. संबंध होता तो बापाच्या चाकरीचा. राज्य येथे भरणाचा कर्ता झाले खरे, परंतु धनी या नात्याने झाले, राजा या नात्याने नव्हे. हा भेद सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण तो आजतागायत टिकून आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत, ज्या अपत्याला शारीरिक वा मानसिक विकलांगतेमुळे उपजीविका करणे अशक्य आहे त्याला आजीव कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याची तरतूद होती आणि त्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२१ च्या नियमांतही ती राहिली. विज्ञानेश्वराचे ‘यावज्जीव’ आधुनिक भारतात कोठे शब्दशः अमलात आले असेल, तर ते येथे. पण त्याचा लाभ सरकारी नोकराच्या मुलालाच होतो. त्याच गावातील शेतमजुराच्या, त्याच व्यंगाच्या मुलाला होत नाही.

ब्रिटिश न्यायालयांनी धर्मशास्त्राचा अंमल चालू ठेवला आणि त्याला पूर्वनिर्णयांच्या चौकटीत बसविले. मुंबई इलाख्यात मिताक्षरा आणि नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख हे दोन प्रमाणग्रंथ होते. मयूखाची विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी सिद्ध केलेली, इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती १८८० साली मुंबईत निघाली. न्यायालयांचा कल निषेधाचा संकोच करण्याकडे होता. अंधत्वाने वाटा जावयाचा तर ते अंधत्व जन्मजात असले पाहिजे, असे १८७० च्या दशकातील निर्णयांनी ठरविले. हेतू उदार होता. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. प्रौढपणी दृष्टी गेलेला मनुष्य निषेधाच्या बाहेर पडला, आणि उपजत अंध असलेले मूल एकटे आत राहिले. अर्थात निषेधाचा सारा भार ज्याने कधी काही कमावले नाही आणि ज्याचे भरण सर्वांत दीर्घकाळ चालावयाचे त्याच्यावर येऊन पडला.

याच काळात, न्यायालयापासून फार दूर, दुसरे एक दालन उघडले गेले. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला, आणि १८८३ साली हिंदुस्थान सरकारने दुष्काळनिवारणाच्या संहितेचा नमुना प्रांतांपुढे ठेवला. त्या आधारे मुंबई इलाख्याचीही स्वतंत्र संहिता तयार झाली. दुष्काळी कामावर जो येईल त्याला काम आणि मजुरी, हे या संहितांचे मुख्य सूत्र. परंतु जो काम करूच शकत नाही त्याचे काय? अशांसाठी गावातच मोफत मदत द्यावयाची होती, आणि तिला पात्र कोण याची गणना संहितेत केलेली होती : वेडे आणि मतिमंद, लुळेपांगळे, आंधळे, वार्धक्याने वा अशक्तपणाने काम करू न शकणारे. इथपर्यंत ही यादी स्मृतिकारांच्या यादीहून फारशी निराळी नाही. तिचे वेगळेपण पुढच्या एका कलमात आहे. घरातील आजाऱ्याजवळ किंवा लहान मुलाजवळ ज्यांची उपस्थिती अत्यावश्यक आहे, अशा माणसांनाही मोफत मदतीस पात्र ठरविले होते.

या कलमाचे महत्त्व सहज ध्यानात येण्यासारखे नाही. शास्त्रकारांनी अन्न आणि वस्त्र मोजले. भरविणाऱ्या हाताची गणना केली नाही. एकत्र कुटुंबात तो हात आईचा, आजीचा, विधवा आत्याचा असे, आणि तो फुकटच मिळे. दुष्काळाच्या अधिकाऱ्याला मात्र हिशेब मांडावा लागला. पांगळ्या मुलाची आई खडी फोडावयास गेली तर मूल मरते. न गेली तर तिला मजुरी नाही, म्हणून दोघेही मरतात. तेव्हा घरी राहणाऱ्या बाईचे घरी राहणे हेच काम समजून तिला शिधा द्यावयाचा, हे त्याने स्वीकारले. हे औदार्य नव्हते. संहितेचा सारा रोख खर्च आटोक्यात ठेवण्याकडे होता आणि शिध्याचे प्रमाणही जीव जगविण्यापुरतेच होते. पण सांभाळणाऱ्याच्या वेळेला किंमत आहे, हे तत्त्व सरकारी नियमात या मार्गाने शिरले. पाऊस पडला, पीक हाती आले, मदतीची यादी बंद झाली, की तत्त्वही मिटून जाई. सुकाळात त्याच आईला तोच प्रश्न पडत असला तरी संहितेला त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दोन प्रवाह येथे थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. एक संस्थांचा. मुंबईत १८८० च्या दशकात मूकबधिरांची आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अंधांची शाळा निघाली. पुढे इतरत्र निघाल्या. त्यांनी शिक्षणाचे थोर कार्य केले. पण धर्मादायाचा पैसा संस्थेकडे गेला, घराकडे आला नाही. दुसरा प्रवाह विधिसुधारणेचा. १९२८ च्या बाराव्या कायद्याने रोग, व्यंग अथवा शारीरिक वा मानसिक दोष एवढ्याच कारणावरून हिंदू व्यक्तीला वारसा नाकारण्याची प्रथा बंद केली. या कायद्यातून एक वर्ग वगळला होता : जन्मापासून वेडा किंवा जड असलेला. ज्या मुलाच्या बाबतीत संरक्षणाची गरज सर्वाधिक, त्यालाच कायद्याने आणखी अठ्ठावीस वर्षे बाहेर ठेवले. मुसलमानी कायद्यात असा निषेध मुळातच नव्हता. शिवाय व्याधीने वा व्यंगाने असमर्थ अशा प्रौढ मुलाचेही भरण बापाने करावे, असे हनफी विधिज्ञांचे मत होते. हिंदू विधीची चर्चा करताना ही शेजारची तुलना सहसा केली जात नाही, म्हणून तिचा येथे निर्देश केला.

१९५६ हे वर्ष या इतिहासातील संधिकाल होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष वा व्यंग यांमुळे येणारी अपात्रता सरसकट रद्द केली. ‘अनंश’ हा शब्द त्या दिवशी इतिहासजमा झाला, आणि ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी संमत झालेल्या दत्तक आणि निर्वाह अधिनियमाकडे पाहिले असता ‘भर्तव्य’ या शब्दाचीही वाट त्याच दिशेने लागल्याचे दिसते. या अधिनियमाच्या विसाव्या कलमाप्रमाणे आईबापांवर अपत्याच्या निर्वाहाचे दायित्व ते अपत्य अज्ञान असेपर्यंत आहे. त्यापुढे वृद्ध वा दुर्बल मातापित्यांचा आणि अविवाहित कन्येचा समावेश आहे. मृताच्या मालमत्तेतून ज्यांचा निर्वाह वारसांनी करावयाचा त्या आश्रितांची यादी एकविसाव्या कलमात आहे. तीत पुत्र आहे, तो अज्ञान असेपर्यंत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विकलांग पुत्राचा उल्लेख दोन्ही ठिकाणी नाही.

याचे समर्थन करता येईल. त्याला आता वाटा आहे. मग अन्नवस्त्राची वेगळी तरतूद कशाला? निषेध आणि भरण ही एकाच विधानाची दोन अंगे होती. एक गेले तेव्हा दुसरेही गेले. तर्क निर्दोष आहे. मात्र त्याच उत्तराधिकार अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने हिंदू मनुष्याला आपल्या मालमत्तेची, एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्श्याचीही, मृत्युपत्राने विल्हेवाट लावण्याची मुभा दिली. म्हणजे बापाने सर्व मालमत्ता मृत्युपत्राने धडधाकट भावाच्या नावे केली, तर प्रौढ विकलांग पुत्राला वाटाही राहत नाही आणि त्या भावावर भरणाचे कायदेशीर दायित्वही या अधिनियमाने येत नाही. विष्णुधर्मसूत्राची तृतीया, ‘रिक्थग्राहिभिः’, येथे निखळून पडली. व्यवहारात अनेक भाऊ हे दायित्व निष्ठेने पार पाडतात, यात शंका नाही. परंतु पूर्वी जो संपत्तीवरचा बोजा होता तो आता स्वभावावरचा विश्वास झाला. विकलांग मुलांच्या आईबापांच्या तोंडी ‘आमच्या पश्चात काय?’ हा जो प्रश्न सतत असतो, त्याच्या कायदेशीर बाजूचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

उणीव काही प्रमाणात फौजदारी कायद्याने भरून काढली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या एकशे पंचविसाव्या कलमाने, पुरेशी ऐपत असलेल्या व्यक्तीने आपल्या अपत्याचा निर्वाह न केल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय ठेवली. शारीरिक वा मानसिक विकृतीमुळे किंवा इजेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याचा तीत स्पष्ट उल्लेख होता. विवाहित कन्या तेवढी वगळली होती. धर्म कोणताही असो, कलम सर्वांना लागू. प्रारंभी कमाल मर्यादा दरमहा ५०० रुपयांची होती. ती २००१ च्या दुरुस्तीने उठली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या एकशे चव्वेचाळिसाव्या कलमात आहे. कौटिल्याच्या बारा पणांच्या दंडाशी या कलमाचे साम्य उघड आहे. ‘सामर्थ्य असूनही’ ही अटदेखील दोहोंत समान आहे. कर्ता येथे हयात असलेला बाप किंवा आई. भाऊ नव्हे. आणि बाप गरीब असेल तर कर्ताच नाही.

तेथे कौटिल्याचे दुसरे वाक्य लागू व्हावयास हवे. महाराष्ट्रात ते १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रूपाने लागू झाले. या योजनेच्या नावातील दोन्ही शब्द विचार करण्यासारखे आहेत. ‘अनुदान’ म्हणजे मागाहून वा साहाय्यार्थ दिलेले दान. त्यात हक्काचा ध्वनी नाही. ‘निराधार’ याचा अर्थ ज्याला आधार नाही तो. विकलांग मूल आईबापांच्या घरी असेल तर, शब्दाच्या अर्थाप्रमाणे, ते निराधार नाही. योजनेच्या नियमांत दिव्यांगांचा समावेश आहे आणि शब्दार्थावर बोट ठेवून कोणाला वगळले जात नाही. तथापि पात्रता ठरते ती कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून. उत्पन्न मोजताना घर एक धरले जाते, मदत देताना व्यक्ती एकटी धरली जाते. दरमहा रक्कम २०२३ मध्ये १००० रुपयांवरून १५०० रुपये झाली, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ती २५०० करण्याचा निर्णय झाला. केंद्र सरकारने २००९ साली दिव्यांगांसाठी सुरू केलेल्या निवृत्तिवेतन योजनेत प्रारंभी दरमहा २०० रुपये होते, २०१२ पासून ३००. परंतु ती दारिद्र्यरेषेखालील, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि तीव्र विकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी आहे. निवृत्तिवेतनाच्या कल्पनेतच प्रौढपण गृहीत आहे. ज्या वर्षांत उपचार, साधने, विशेष शिक्षण आणि आईचा सारा दिवस खर्ची पडतो, ती बाल्याची वर्षे या योजनेच्या बाहेर राहतात.

ज्या घराला करपात्र उत्पन्न आहे त्याच्याकडे राज्य दुसऱ्या दाराने आले. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील ८० डीडी या कलमान्वये विकलांग आश्रिताचे पालन करणाऱ्यास उत्पन्नातून वजावट मिळे. २०१५ च्या वित्त अधिनियमाने ती ७५,००० रुपये आणि तीव्र विकलांगतेसाठी १,२५,००० रुपये झाली. वजावट ही मदत खरी. पण कर भरणाऱ्यालाच ती पोचते, आणि जितका कर अधिक तितकी मदत अधिक. या कलमाचा एक उपविभाग आईबापांच्या पश्चात अपत्याला वर्षासन मिळावे म्हणून उतरविलेल्या विम्याचा होता. आयुर्विमा महामंडळाच्या अशा एका योजनेचे नाव ‘जीवन आधार’. ‘निराधार’ या शब्दाचे हे दुसरे टोक. अट अशी होती की, वर्षासन विमेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू व्हावे. एका पालकाने या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली : बाप हयात असताना मुलाला पैशाची गरज नसते काय? जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने अट रद्द करण्यास नकार दिला. कायदा करणे संसदेचे काम, असे म्हणून सरकारने फेरविचार करावा अशी सूचना मात्र केली. २०२२ च्या वित्त अधिनियमाने विमेदाराच्या वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर वर्षासन सुरू करण्याची मुभा दिली. भरण हे मृत्यूनंतरचे वारसाप्रकरण नसून हयातीतला रोजचा खर्च आहे, एवढी गोष्ट कायद्याच्या ध्यानी येण्यास इतका काळ लागला.

आईबापांच्या मृत्यूनंतर काय, या प्रश्नाला थेट हात घालणारा कायदा १९९९ चा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापला. पालकांच्या मृत्यूनंतर त्या व्यक्तीची काळजी आणि संरक्षण यांची व्यवस्था करणे, हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. स्थानिक समित्यांमार्फत पालक नेमण्याची पद्धत त्याने घालून दिली, आणि पुढे ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची योजना चालविली. १९२८ साली ज्या ‘जन्मतः जड’ मुलाला कायद्याने बाहेर ठेवले होते त्याच्यासाठीच सत्तर वर्षांनंतर वेगळा कायदा व्हावा, याची नोंद विधीच्या इतिहासकाराने घ्यावयास हवी. तथापि न्यास पालक नेमतो. पालकाला पोसण्यासाठी पैसा देत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमात अखेर सांभाळणाऱ्याची व्याख्या आली. इंग्रजी मसुद्यातील ‘केअर-गिव्हर’ या पदात आईबाप आणि कुटुंबातील इतर व्यक्ती यांचा समावेश आहे, आणि ही व्यक्ती मोबदला घेऊन किंवा न घेता सांभाळ करीत असेल, असे व्याख्येतच म्हटले आहे. १८८३ च्या दुष्काळसंहितेनंतर हे पात्र कायद्याच्या रंगभूमीवर इतक्या स्पष्टपणे पुन्हा आलेले दिसते ते येथे. चोविसाव्या कलमात त्याच्यासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. मात्र भत्ता सांभाळणाऱ्याच्या नावे नाही, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या नावे आहे. दिव्यांगाच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने हे धोरण समर्थनीय आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही स्वायत्तता कोणत्या अर्थाने घ्यावयाची, याचे उत्तर कलमात नाही. सरकारने हे सर्व आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत करावयाचे आहे, अशी त्या कलमाची सुरुवात आहे. मनूचे ‘शक्त्या’ ते हेच. त्याच्या शेजारचे ‘अत्यन्तम्’ मात्र या कलमात शोधूनही सापडत नाही.

केरळ राज्यातील ‘आश्वासकिरणम्’ योजनेने शय्याग्रस्तांना आणि तीव्र विकलांगांना घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच दरमहा साहाय्य देण्याचा मार्ग स्वीकारला. रक्कम अल्प असली तरी लाभार्थीच्या रकान्यात नाव सांभाळणाऱ्याचे आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र शासकीय विभाग स्थापन झाला, आणि ‘अपंग’ हा शब्द शासकीय कागदांतून मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द सर्वत्र रूढ झाला. सांभाळणाऱ्यासाठी मात्र मराठीत सर्वमान्य संज्ञा अद्याप ठरलेली नाही. ‘काळजीवाहू’ हा शब्द उपलब्ध आहे, पण तो राजीनामा दिलेल्या मंत्रिमंडळाकडे गुंतलेला आहे. ‘मदतनीस’ म्हटले तर पगारी माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘पालक’ या शब्दाने कायद्यात अज्ञानाचा प्रतिनिधी सूचित होतो, रात्री चार वेळा उठून मुलाची कूस बदलणारी बाई सूचित होत नाही. अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना ठेवावयाचा, तर त्याच्या डोक्यावर कोणता शब्द छापावा, हे आधी ठरवावे लागेल.